लाल कडांच्या काचा

आमच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक खोली होती. तिथे पंखा लावायला बंदी होती. पंख्याने टेबल थरथरतं, टेबलाबरोबर मायक्रोस्कोप थरथरतो आणि मोजायची वस्तू पडद्यावर नाचायला लागते. त्या खोलीत तेवीस वर्षं घाम पुसत बसलेल्या बाईंना सगळे मायक्रॉनबाई म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाईंचं सगळं आयुष्य त्या हजाराव्या भागात गेलं, आणि माझी सहा वर्षं त्यांच्यामुळे धुळीला मिळाली असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. खरं काय ते आता लिहिते.

बाई काळजीखोर होत्या. काळजी करतात सगळेच, पण बाईंना तिचं व्यसन होतं. घराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायच्या, जिना उतरायच्या, परत चढून पुन्हा ओढायच्या. त्यांचे यजमान शिंपी होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. बाईच सांगायच्या की ते म्हणतात, "आमच्याकडे चोर आला तर कुलूप बघूनच परत जाईल. एवढं ओढून ओढून त्याचा खुळखुळा झालाय, चावीसुद्धा लागत नाही." सांगताना बाई हसायच्या आणि हसता हसता खोलीतला दिवा बंद केला का म्हणून परत जायच्या.

पण हीच बाई मोजायला बसली की प्रयोगशाळेतले सगळे निर्धास्त. प्रत्येक आकडा तीनदा. पहिला पेन्सिलीने, दुसरा पेन्सिलीने, दोन्ही जुळले तरच तिसरा पेनाने. "बाईंनी मोजलंय ना? मग झालं," असं सर म्हणायचे. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. स्वतःच्या बायकोवर ठेवत नसतील एवढा विश्वास ते बाईंच्या पेनावर ठेवायचे.

मोजायचं काय, तर मिशा. आम्ही ज्या हिरव्या जीवावर काम करायचो तो एकाच पेशीचा असतो, डबक्यातल्या पाण्यात राहतो आणि त्याला पुढच्या बाजूला दोन बारीक दोरे असतात. ते दोरे मागे मारत तो पोहतो. शास्त्रात त्यांना कशाभिका म्हणतात. बाई मिशा म्हणायच्या. एका मिशीची लांबी अकरा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्यावरच्या केसाची जितकी जाडी असते तिचा साधारण सातवा हिस्सा. आणि गंमत अशी, की जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मिशा तेवढ्याच. तोडल्या तर दोनेक तासांत पुन्हा उगवतात, आणि तेवढ्याच होऊन थांबतात.

"ह्यांना कोण सांगतं गं, आता बास म्हणून?" बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी नवी होते, शहाणपणा उतू चालला होता. मी सांगितलं की मिशीच्या टोकाला सतत नवा माल जोडला जातो आणि सतत जुना सुटतही असतो. मिशी लांब होत जाते तसं टोकाला माल जोडणं मंदावतं. जोडणं आणि सुटणं सारखं झालं की लांबी तिथेच राहते. पेशीकडे फूटपट्टी नसते.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे थांबलेली दिसते, पण थांबलेली नसते. आत धावपळ चालूच." आणि पुन्हा भिंगाला डोळा लावत, "माझ्यासारखंच की."

त्यांचा एक आवडता प्रयोग होता. पेशीची एकच मिशी तोडायची. मग जी तोडली नाही ती आपणहून आखूड व्हायला लागते. तुटलेली वाढत येते, धडधाकट असलेली कमी होत जाते, दोघी मध्येच कुठेतरी सारख्या होतात आणि मग बरोबरीने पूर्ण लांबीपर्यंत जातात. हा प्रयोग असला की बाई डबा तसाच ठेवून बसायच्या. "बघ, बघ, कमी व्हायला लागली," असं कुजबुजत सांगायच्या, जोरात बोललं तर ती बिचकेल अशा धास्तीने.

माझं काम असं होतं. मी त्या जीवातलं एक प्रथिन काढून टाकलं होतं आणि माझं म्हणणं होतं की हे प्रथिन मिशीच्या वाढीला लगाम घालतं. ते नसेल तर मिशा लांब व्हायला हव्यात. फार नाही, एखाद्या मायक्रॉनने. पण तो एक मायक्रॉन मिळाला की मला पदवी मिळणार होती, सरांना परिषदेत बोलायला मिळणार होतं, आणि घरी आईला शेजारणीला सांगायला काहीतरी मिळणार होतं. सहा वर्षं ती "अजून शिकतेय" एवढंच सांगत होती.

मोजणाऱ्याला कोणती काच कुठल्या पेशींची हे कळता कामा नये, हा आमच्याकडचा जुना दंडक. त्याला आम्ही डोळे बांधणं म्हणायचो. काचेवरचं नाव कागदी पट्टीने झाकायचं, वर चिठ्ठ्या टाकून आलेला आकडा लिहायचा, आणि कुठला आकडा कुणाचा याची यादी लिफाफ्यात घालून सरांच्या कपाटात. पट्ट्या लावायचं काम स्टोअरकीपर काका करायचे. त्यांना मिशांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे ते त्या कामाला अगदी योग्य.

आता यात माझा हातगुण. काचेवर पेशींचा थेंब ठेवला की वर दुसरी पातळ काच ठेवून कडा बंद कराव्या लागतात, नाहीतर थेंब सुकतो. कडा बंद करायला सगळ्या प्रयोगशाळांत नेलपेंट वापरतात, साधं दुकानातलं. मी मुळात धांदरट. बाई मला हाकच "ए धांदरे" अशी मारायच्या. साध्या पेशी आणि बदललेल्या पेशी यांच्या काचा टेबलावर शेजारी शेजारी असायच्या आणि माझ्याकडून त्यांची अदलाबदल व्हायची. म्हणून मी साध्यांच्या कडा बिनरंगी नेलपेंटने बंद केल्या आणि बदललेल्यांच्या लालने. काका नावं झाकायचे. कडा झाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अठ्ठेचाळीस काचा, प्रत्येकीवर पन्नास मिशा. मी दर आठवड्याला सहा काचा बनवायची, तशा बाईंनी दोन महिने मोजल्या. सरांनी लिफाफा फोडला. साध्या पेशींच्या मिशा सरासरी अकरा पूर्णांक दोन, माझ्या बदललेल्यांच्या बारा पूर्णांक एक. मी खोलीत जाऊन बाईंच्या गळ्यात पडले. त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "पुन्हा एकदा मोजू का? माझ्या जिवाला बरं वाटेल."

"बाई, आता तरी काळजी पुरे करा," मी म्हणाले. प्रबंध जमा करायला पाच आठवडे राहिले होते.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट मला बाईंनीच नंतर सांगितली. मास्तरांच्या दुकानात एक जुनी गिऱ्हाईक आली होती. मास्तरांनी टेप लावली, वहीत आकडा लिहिला, ती गेली. बाई तिथेच बटणं लावत बसल्या होत्या. त्यांनी टेपवरचा आकडा लांबून पाहिला होता आणि वहीतला जवळून.

"अहो, कंबर अर्धा इंच कमी लिहिलीत."

"तिची मी नेहमीच कमी लिहितो."

"मग कपडा घट्ट नाही होत?"

"शिवताना सैल सोडतो. पण लिहिताना हात आपोआप कमीच जातो. पंधरा वर्षांची ओळख आहे, ती खूश व्हावी असं वाटतं. अनोळखी माणसाचं माप कसं, टेप जे सांगेल ते."

मास्तर सहज बोलून गेले. बाईंच्या हातातलं बटण मात्र तसंच राहिलं. मिशीचं टोक मायक्रोस्कोपखाली कधी स्वच्छ दिसत नाही. शेवटी शेवटी ते फिकट होत जातं, आणि इथे संपली म्हणून पडद्यावर माउसची टिचकी नेमकी कुठे मारायची हे मोजणाऱ्याच्या हातात असतं. थोडं अलीकडे की थोडं पलीकडे. लाल कडेची काच आली की आपली टिचकी पलीकडे जाते का?

सोमवारी मी खोलीत गेले तेव्हा बाई भिंग पुसत होत्या. दुपारी गेले तेव्हाही भिंगच पुसत होत्या. चहा गार होऊन वर साय धरली होती. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, डोकं दुखतंय." मी म्हटलं मास्तरांशी भांडण झालं असेल. माझ्या मागे हजार कामं होती.

मंगळवारी त्यांनी दिवसभर दार लावून घेतलं. सहा काचा निवडल्या, तीन लाल आणि तीन बिनरंगी. सगळ्यांच्या कडांवर काळी चिकटपट्टी लावली, डोळे मिटून फेटल्या आणि पुन्हा मोजल्या. तीन लालच्या मिशा आधीच्या मोजणीपेक्षा आखूड भरल्या. बाईंनी आकडे तीनदा तपासले, पेनाने लिहिले आणि वही मिटून त्या दोन दिवस घरी बसल्या. तेवीस वर्षांतली त्यांची ही पहिली आजारपणाची रजा.

शुक्रवारी आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. चेहरा उतरलेला. वही माझ्यासमोर ठेवली.

"माझं मोजणं रद्द कर."

मला वाटलं ताप डोक्यात गेलाय. त्यांनी सगळं सांगितलं. मास्तर, टेप, लाल कडा, चिकटपट्टी. मी ऐकता ऐकता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. चार आठवडे राहिले होते.

"तुम्हाला माहीत होतं लाल म्हणजे कुठल्या?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"कुणी सांगितलं नव्हतं. पण पहिल्या चार काचांत लाल जरा लांब वाटल्या. त्यानंतर लाल आली की तू दारात उभी आहेस असं वाटायचं. तुझं चांगलं व्हावं असं वाटायचं गं. ह्या हातांना ते कळलं, मला नाही कळलं."

"सहा काचांवरून काय ठरतं? बेचाळीस राहिल्यात!"

"म्हणून तर म्हणते, सगळ्या पुन्हा मोजायला हव्यात."

"आणि कमी भरल्या तर?"

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, "तुम्हाला कुलपं ओढायचं वेड आहे. कुलूप लागलेलं असतं, तरी ओढता. ह्यात माझं आयुष्य ओढू नका." बाईंनी वही उचलली. डोळे पुसले नाहीत, तसेच भरलेले ठेवून म्हणाल्या, "चल. सरांकडे दोघी जाऊ. तू नाही आलीस तर मी एकटी जाईन, पण तू आलेली बरी."

मी गेले. त्या वेळी प्रयोगशाळेत एक नवं यंत्र घ्यायची चर्चा चालू होती, आपोआप मोजणारं. सर टाळत होते, बाई आहेत तोवर कशाला म्हणून. बाईंची नेमणूकही दरवर्षी नव्याने व्हायची. सरांच्या खोलीत जाऊन "माझा हात खोटं मोजतो" असं सांगणं म्हणजे काय, हे बाईंना पुरतं कळत होतं. शिवाय तेवीस वर्षांत किती जणांचे प्रबंध ह्या हातावर उभे होते. एकाचा आकडा हलला की बाकीचे आपापल्या आकड्यांकडे संशयाने बघणारच.

सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "दोन रंग कुणी वापरले?"

बाई माझ्या आधी बोलल्या. "रंग कुणीही वापरू दे, सर. कड मला दिसत होती. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं ते मी. मोजणारी मी आहे."

सरांनी ठरवलं की काकांनी सगळ्या अठ्ठेचाळीस काचांच्या कडांवर काळं नेलपेंट फासायचं, नवे आकडे टाकायचे, आणि दुसऱ्या विभागातल्या एका मोजणी करणाऱ्याने मोजायचं. बाईंनी नाही, मीही नाही.

ते नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भूक मेली होती. आईला फोनवर "सगळं ठीक" सांगायचं आणि फोन ठेवला की राहिलेले दिवस मोजायचे. मोजणीच्या खोलीच्या दाराबाहेर जिना होता, मी तिथे जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी बाई येऊन शेजारी बसल्या. त्यांना आता काही कामच नव्हतं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून माझ्याकडे सरकवला.

सातव्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "लाल बाटली मध्येच बदललीस का गं?"

"का?"

"तिसाव्या काचेपासून लाल जरा गुलाबीकडे झुकतो. मला वाटलं बाटली संपली असेल."

"संपली होती," मी म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि थर्मासचं झाकण घट्ट केलं, मग सैल करून पुन्हा घट्ट केलं.

दहाव्या दिवशी सरांनी लिफाफा फोडला. साध्या अकरा पूर्णांक तीन. बदललेल्या अकरा पूर्णांक पाच. एवढा फरक असून नसल्यासारखा. माझा लगाम गेला. सर म्हणाले की हेही लिहिण्यासारखं आहे, प्रथिन काढूनही लांबी बदलत नाही, पेशीकडे थांबायचे आणखी मार्ग असणार. प्रबंध उशिरा होईल, पण होईल. मी मान डोलावत राहिले. त्यांचं अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

झाला वर्षभर उशिरा. परिषद नाही, कौतुक नाही, पदवी मिळाली. बाईंची नेमणूक त्या वर्षी पुन्हा झाली नाही. कुणी काढलं असं म्हणता येणार नाही. यंत्र आलं, आणि कागद पुढे सरकले नाहीत. त्यांच्या निरोपाला मी परगावी होते. म्हणजे मुद्दाम गेले होते.

पदवीनंतर आठ महिन्यांनी मला शिकवायची नोकरी लागली आणि पांढरा कोट शिवायला हवा होता. शिंपी गावात पुष्कळ होते. मी मास्तरांच्या दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या, मग आत गेले. मास्तर मशीनवर होते. बाई खाली बसून कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होत्या.

"ए धांदरे!" त्या म्हणाल्या. एवढंच. जणू मी कालच येऊन गेले होते.

मी पिशवीतून प्रबंध काढला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पान, दुसरं पान असं काही न करता थेट आकड्यांच्या तक्त्यावर गेल्या. बोटाने ओळी खाली खाली नेल्या. मग जिथे मोजणीबद्दल लिहिलं होतं तो परिच्छेद वाचला. मला तो पाठ होता. "प्रथम मोजणीत दोष आढळल्याने सर्व नमुने पुन्हा मोजण्यात आले."

"दोष कुणाचा ते नाही लिहिलंस," बाई म्हणाल्या.

"नाही."

"माझं नाव लिहायचं की. मी सांगितलंच होतं सरांना."

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी तिथे, कापडाच्या चिंध्यांत, त्यांच्यासमोर खाली बसले. सांगितलं, की दुसऱ्याच आठवड्यात मी दाराशी उभी राहून बघितलं होतं. लाल काच आली की त्या जरा पुढे झुकतात हे मला दिसलं होतं. मला ते दिसलं, आणि मी काही बोलले नाही. तिसाव्या काचेला बाटली संपली तेव्हा बिनरंगी बाटली समोर होती, भरलेली. ती वापरली असती तर भागलं असतं. पण मी भर उन्हात तीन दुकानं फिरले, तोच लाल मिळावा म्हणून. तो मिळाला नाही, तेव्हा त्याच्या जवळचा घेतला. वाटेत स्वतःला सांगत होते की मी नीटनेटकं काम करतेय.

मशीन थांबलं होतं. मास्तर दोरा ओवायचं निमित्त करून खाली बघत होते.

बाईंनी प्रबंध मिटला. "रंग बदलला ते मला तिसाव्या काचेलाच दिसलं होतं गं, अर्थ मागाहून लागला," त्या म्हणाल्या. "बाटली संपली तर माणूस जवळ असेल ती घेतं. तू शोधून लाल आणलीस. जिन्यावर म्हणूनच विचारलं. म्हटलं, सांगेल आता."

मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. मग नेहमीच्या काळजीच्या सुरात विचारलं, "कोट किती दिवसांत हवाय? उशीर नको व्हायला नोकरीला." मी सांगितलं. उठून उभी राहिले, हात पसरले. टेप बाईंच्या गळ्यात होती. मी वाट बघत होते.

बाईंनी टेप काढली आणि मास्तरांकडे टाकली.

"हिचं माप तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिला ओळखत नाही."